पुतण्याला वर्ष परत मिळालं, मग लेकीचं काय?

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. कागल तालुक्यात आमचं एकत्र कुटुंब आहे. मी साखर कारखान्यात नोकरीला, धाकटा भाऊ शेती बघतो. भावाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी नीट देऊन सरकारी कॉलेजला एमबीबीएसला लागला. गावात फलक लागला, आम्ही पेढे वाटले. पहिल्याच वर्षी तो ॲनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीत गेला. पुरवणी परीक्षेत बायोकेमिस्ट्री निघाली, ॲनाटॉमी राहिली. आता तो खालच्या बॅचबरोबर पहिलं वर्ष परत करतोय.

माझ्या मुलीची सरकारी जागा गेल्या वर्षी थोडक्यात हुकली. खासगीची फी आमच्या आवाक्यातली नाही. राजारामपुरीत क्लास लावून ती परत नीटचा अभ्यास करतेय. परवा जेवताना ती म्हणाली, "ज्याला मिळालं त्याला टिकवता येत नाही, आणि जिनं टिकवलं असतं तिला मिळत नाही." भाऊ ताटावरनं उठून गेला. तेव्हापासून आम्हा दोघांत कामापुरतंच बोलणं आहे.

मला विचारायचंय, हे न्यायाचं आहे का? नापास होऊनही जागा धरून ठेवायची मुभा कशासाठी? आणि असं अडखळत डॉक्टर झालेल्याकडं उद्या आपण पेशंट म्हणून जायचं का? मी रागानं विचारत नाही, पोरगा माझाच आहे. पण मुलीला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही.

– एक थोरला भाऊ, कागल तालुका

उत्तर :

दादा, नमस्कार.

तुमच्या लेकीचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. एवढीशी पोर भरल्या ताटावर असं बोलते, तेव्हा तिच्या पोटात काय कालवत असेल ते कळतं. तिला त्यावरून बोलू नका. भाऊ उठून गेले, त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. पोराच्या नावाचा फलक ज्या वेशीवर लागला, तिथूनच वर्षभरात मान खाली घालून जायची वेळ आली तर बाप दुसरं काय करणार?

तुम्ही सरळ विचारलंय, मीही सरळ सांगते. तीस वर्षं ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवली, त्यात परत वर्ष करणारी पोरं दर साली बघितली. त्यांना परत वर्ष करू देणं न्यायाचं आहे असंच माझं मत आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. त्या अटीकडे येतेच. आधी हिशोबाचं बोलू, कारण तुमच्या घरातलं निम्मं दुखणं एका चुकीच्या हिशोबावर उभं आहे.

एमबीबीएसच्या जागा त्या-त्या सालच्या असतात. एखाद्या कॉलेजला १५० जागांची मंजुरी आहे म्हणजे दरवर्षी नव्या १५० मुलांना प्रवेश. पुतण्या त्याच्या सालच्या यादीतून लागला. आज त्यानं नाव काढून घेतलं तर ती जागा यंदाच्या किंवा पुढच्या नीटच्या यादीत येत नाही. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तशी सोय एमबीबीएसला नाही. त्याच्या बॅचमधली एक खुर्ची इंटर्नशिप संपेपर्यंत रिकामी राहील, एवढंच. आणि तो खालच्या बॅचमध्ये जाऊन बसला म्हणून त्या बॅचच्या १५० च्या १४९ झालेल्या नाहीत. नव्या मुलांचे प्रवेश पूर्ण होतात, परत आलेल्यांची नावं हजेरीत शेवटी जोडतात. तुमच्या लेकीची जागा त्यानं अडवलेली नाही. ती ज्या साली परीक्षेला बसली, त्या सालच्या यादीत तो नव्हताच.

हे तिला कागदावर लिहून दाखवा. नुसतं तोंडी सांगितलं तर "तुम्ही त्याचीच बाजू घेता" असं होईल.

त्याच्या परत बसण्यानं काहीच अडत नाही असं मात्र नाही. हॉस्टेलची खोली अडते. डिसेक्शनच्या, म्हणजे मृतदेह उघडून शिकायच्या, टेबलाभोवती आधीच पंधरा-वीस डोकी असतात, त्यात एक वाढतं. शिकवणाऱ्यांचा वेळ जातो, आणि सरकारी कॉलेजात एका विद्यार्थ्यामागं लोकांच्या कराचा मोठा पैसा खर्च होतो. हा खर्च खरा आहे आणि तो वाया जाऊ नये असं कुणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूनं उभी राहीन. पण एवढं पुढं आलेलं पोर घरी पाठवलं तर आतापर्यंतचा सगळाच खर्च बुडतो. कसंही करून पास करून पुढं ढकलणं ही तर त्याहून मोठी फसवणूक.

पेशंट म्हणून त्याच्याकडं जायचं का, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापूरच्या सीपीआरला, आपल्या थोरल्या सरकारी दवाखान्यात, सकाळी केसपेपरची रांग बघितलीय ना? राधानगरीपासून, चंदगडपासून पहिल्या एसटीनं आलेली माणसं असतात. आत बसलेला डॉक्टर पहिल्या झटक्यात पास झालेला होता का, ह्यानं त्या माणसांचं काही बरं-वाईट होत नाही. त्याला येतंय का, ह्यानं होतं. आणि येतंय की नाही हे ठरवणारी फूटपट्टी दुसऱ्यांदा बसणाऱ्यासाठी छोटी होत नाही. पास व्हायला गुण तेवढेच लागतात, पेपर खालच्या बॅचचाच असतो आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बसतात ते त्याच टेबलावर. इंजिनिअरिंगसारखी केटी घेऊन, म्हणजे राहिलेला विषय मागं ठेवून, पुढच्या वर्षात जायची सोय इथं पहिल्या वर्षाला नाही. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचं दार उघडत नाही. त्यानंतरही दुसरं वर्ष, तिसऱ्याचे दोन भाग आणि बारा महिन्यांची इंटर्नशिप आहेच.

म्हणून मी म्हणते, अडखळायचं असेल तर पहिल्या वर्षाइतकी बरी जागा नाही. तिथं त्याच्या हातात जिवंत माणूस नसतो. समोर असतो तो कुणीतरी मरणानंतर दान केलेला देह. आताच्या अभ्यासक्रमात तर 'मृतदेह हा आपला पहिला गुरू' असा एक धडाच आहे, मुलं त्या देहापुढं उभं राहून शपथ घेतात. त्या गुरूपुढं चुकलेलं पोर परत शिकून येतं, ह्यात पेशंटचा तोटा नाही. न शिकता पुढं गेलेल्या पोरानं पेशंटचा तोटा होतो, आणि तशीही मी बघितलीत.

ही मुभा अमर्याद नाही, हे पत्रावरून तुमच्या घरात कुणाला माहीत असावंसं वाटत नाही. आमच्या काळात हॉस्टेलवर अशी माणसं असायची की त्यांच्याबरोबरचे एमडी होऊन परत आले तरी ती पहिल्या-दुसऱ्या वर्षातच. आम्ही त्यांना 'दादा' म्हणायचो, आणि त्यांच्या खोलीवर सणाचं जेवण असायचं. ते वाईट होतं. कुणी त्यांना थांबवलं नाही आणि कुणी सावरलंही नाही. आता नियम स्पष्ट आहे. पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार वेळा देता येते आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पूर्ण व्हावं लागतं. मला हा नियम योग्य वाटतो. पुतण्यानं मुख्य आणि पुरवणी अशा दोन वेळा वापरल्यात. म्हणजे उरल्या दोन. कॉलेजच्या विद्यार्थी विभागात जाऊन त्यानं हा आकडा एकदा लेखी घ्यावा. तो लपवून ठेवू नका, आणि त्याच्या डोक्यावर टांगूनही ठेवू नका.

आता अट. त्यासाठी मला दोन पोरांबद्दल सांगावं लागेल.

पंचवीस-एक वर्षं झाली असतील. भुदरगड तालुक्यातला एक मुलगा माझ्या टेबलावर तोंडी परीक्षेला आला. हातात ह्युमरस, दंडाचं हाड. बाहेरच्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, हे कुठल्या बाजूचं, इथून काय जातं. पोरगा गप्प. परत विचारलं, परत गप्प. परीक्षकांनी शून्याजवळचा आकडा टाकला आणि पुढच्याला बोलावलं. दुपारी तो पॅसेजमध्ये दिसला, तेव्हा मी ट्रेमधलं तेच हाड त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, मराठीत सांग. त्यानं ते हाड आपल्या डाव्या दंडाला लावून बघितलं, बरोबर डाव्याच. मागं असलेल्या तिरक्या खोबणीत अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हितनं नस जाती मॅडम. हितं हाड मोडलं की मनगट पडतंय, पंजा वर उचलत न्हाई." आमच्या पुस्तकात रेडियल नर्व्हबद्दल जे लिहिलंय ते हेच. गावात ट्रॅक्टरवरून पडलेल्या एकाचा हात त्यानं बघितला होता.

तुम्हाला वाटेल, म्हणजे पोराला सगळं येत होतं, इंग्रजीनं घात केला. तसंही नाही. मी पुढं विचारलं, ही नस येते कुठून? काखेतल्या त्या जाळ्यातून, ब्रेकियल प्लेक्ससमधून, नेमक्या कुठल्या दोरीतून? ते त्याला मराठीतही सांगता आलं नाही. निम्मं येत होतं, निम्मं नव्हतं. तो नापास झाला ते बरोबरच झालं. पण वर्षभर आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं की ह्याला नेमकं कुठलं निम्मं येतं.

त्यानं वर्ष परत केलं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तो माझ्या खोलीत यायचा. आधी मराठीत सांगायचा, मग तेच इंग्रजीत, मोडकंतोडकं. रोज एक उत्तर हातानं लिहून आणायचा, आकृतीसकट. पहिल्या महिन्यात वाचवत नव्हतं. दिवाळीनंतर मी लाल पेन कमी वापरायला लागले. तो पास झाला. फार वरचे गुण नव्हते, पण ते त्याचे होते.

दुसरी एक मुलगी. तिच्याबाबतीत मी चुकले. तीही परत वर्ष करत होती. एके दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये तिनं एक साधी शीर चुकीची दाखवली, आणि मी शंभर ज्युनियर पोरांसमोर तिला म्हटलं, "मागच्या वर्षी काय झोपली होतीस का?" दोन-चार जण हसले. ती त्यानंतर हॉलमध्ये आलीच नाही. हजेरी कमी पडली, परीक्षेला बसता आलं नाही, आणि एक दिवस ती घरी निघून गेली. तिच्या खोलीतल्या मुलीनं मला नंतर सांगितलं, ती रोज सकाळी ॲप्रन घालून हॉलच्या दारापर्यंत यायची आणि तिथूनच मागं फिरायची. मला हे आजही आठवतं. तिला वर्ष परत दिलं होतं, पण त्या वर्षात तिच्यासाठी काहीच नवं नव्हतं. तीच लेक्चरं, तेच टेबल, आणि वर माझी जीभ.

तर अट ही. वर्ष परत द्यायचं तर ते वेगळं असलं पाहिजे. जे करून पोरगं पडलं तेच पुन्हा बारा महिने करायला लावणं, ह्याला संधी म्हणत नाहीत. तसं झालं तर तुमच्या लेकीचा सवाल खरा ठरेल: मग कशाला दिलं?

सीपीआरमधून बाहेर पडून दसरा चौकात आलं की शाहू महाराजांचा पुतळा लागतो आणि आजूबाजूला बोर्डिंगं. महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आदल्या वर्षापासून, म्हणजे १९०१ पासून, इथं वसतिगृहं उभी राहायला लागली होती, हे तेवढं सांगितलं जात नाही. दार उघडायचं तर आत आलेल्याच्या राहण्या-जेवण्याची, दिव्याखाली बसून वाचण्याची सोयही बघायची, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण दार उघडलं की हात झटकतो. मी ज्या कॉलेजांत शिकवलं तिथंही तेच होतं.

इथं आणखी एक बोलून टाकते, कारण तुमच्या गावात पारावर कुणीतरी नक्की बोललं असेल. नापास होणारी म्हणजे कमी गुणांवर आत आलेली, असं लोक पटकन म्हणतात. माझ्या वर्गात परत वर्ष करणाऱ्यांत सगळ्या यादींतली पोरं होती. बारावीला बोर्डात आलेलीही होती.

मग हुशार पोरगं पडतं कशानं? मला सगळ्यात मोठं कारण हे दिसतं की नीट आणि एमबीबीएस ह्या दोन निराळ्या कसरती आहेत. नीट म्हणजे चार पर्यायांतला एक गोल भरायचा. ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. त्यासाठी ही पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं फक्त गोल भरत असतात. सलग पानभर लिहायची सवय दहावीनंतर सुटलेली. आणि इथं आल्यावर पहिल्याच टर्मला कोऱ्या कागदावर 'खांद्याचा सांधा वर्णन करा' असं येतं. आकृती काढायची, नावं द्यायची, त्यातून काय बिघडू शकतं ते लिहायचं, आणि वर परीक्षकापुढं उभं राहून बोलायचं. पोराला माहिती असते, पण तिला हातातून आणि तोंडातून बाहेर यायचा रस्ता नसतो. दुसरं, गावात वर्गात पहिला असलेला मुलगा तिथं दीडशे पहिल्यांमध्ये बसतो. विचारायची लाज वाटते. तीन महिने विचारलं नाही की मागचं एवढं साचतं की पुढचं काही कळत नाही.

तेव्हा पुतण्याला यंदा काय वेगळं करायचं, ते त्याच्यापर्यंत पोचवा. ह्या उपदेशात तुमच्या शेजारपाजारच्या कुणाला घेऊ नका. त्यानं आपली मागची उत्तरपत्रिका आणि टर्मचे गुण घेऊन ॲनाटॉमी विभागात ज्या शिक्षकांशी थोडं तरी बोलता येतं, त्यांच्याकडं जावं आणि विचारावं, "मी नेमका कशात कमी पडलो? लेखीत, प्रॅक्टिकलला, की तोंडीत?" बहुतेक पोरं हे विचारतच नाहीत, आणि बहुतेक शिक्षक विचारल्यावर मनापासून सांगतात. कॉलेजनं प्रत्येकाला एक मेंटॉर नेमून दिलेला असतो, त्याचं नाव नोटीस बोर्डावर वाचून सोडून देऊ नये. रोज एक उत्तर हातानं लिहायचं, घड्याळ लावून, आणि ते कुणाला तरी दाखवायचंच. व्हिडिओ दुप्पट वेगानं बघितलेला अभ्यास डोळ्यांना होतो, हाताला होत नाही. हाडं, स्लाइड, नमुने ह्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं बोलायचं. खोलीतल्या मित्राला कंटाळा येईपर्यंत बोलायचं. आणि हजेरी: लेक्चरला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. "मागच्या वर्षी ऐकलंय" म्हणून परत वर्ष करणारी पोरं लेक्चर बुडवतात आणि तिथंच फसतात. सुटलेल्या दोन विषयांची पुस्तकं त्यानं बांधून ठेवू नयेत, दुसऱ्या वर्षाला फिजिऑलॉजी रोज लागते. शिष्यवृत्ती असेल तर परत केलेल्या वर्षाचं काय, हेही विद्यार्थी विभागात आताच विचारून घ्यावं, मार्चमध्ये धावपळ नको.

आणि त्याची झोप, जेवण, बोलणं ह्याकडं लक्ष द्या. हे मी उगाच म्हणत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानं २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पदवीच्या २५ हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी आहे. त्यातल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतः नोंदवलंय. दर चौघांत एकाहून जास्त. जुनी बॅच पुढं गेलीय, नवी बॅच ओळखत नाही, घरी फोन केला की "अभ्यास चालू आहे ना?" एवढाच प्रश्न. तुम्ही फोन केलात तर पहिली पाच मिनिटं अभ्यासाचं नाव काढू नका. ऊस तुटला का, म्हैस व्याली का, ते सांगा. तो रात्र-रात्र जागतो, घरी यायचं टाळतो, किंवा "माझा काही उपयोग नाही" असं बोलतो असं कळलं तर त्याच दिवशी गाडी पकडा. टेलीमानस नावाची सरकारी सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र चालते, फुकट आहे. त्याच्या मोबाईलमध्ये नंबर असू दे.

त्याला अजून एक गोष्ट विचारायला हवी, ती कदाचित कुणीच विचारली नसेल. त्याला डॉक्टर व्हायचंय का? फलक लागल्यावर "मला नको" म्हणणं फार अवघड असतं. दोन परीक्षा शिल्लक असताना तो शांतपणे नको म्हणाला तर ऐकून घ्या. मात्र अशा वेळी प्रवेश रद्द करण्याचे नियम आणि दंड नीट वाचल्याशिवाय सही नको. आणि हवंय म्हणाला, तर त्यानंतर तुमच्या घरात 'नापास' हा शब्द त्याच्यासाठी वापरायचा नाही.

आता लेकीचं. तिला रागावण्यासाठी नाही, प्रेमानं एक आठवण करून द्या. तीही यंदा परतच परीक्षा देतेय. एकदा थोडक्यात हुकलं म्हणून तिला कुणी सांगितलं नाही की बाई, तुझी पाळी झाली, आता दुसरीला येऊ दे. नीट किती वेळा द्यावी ह्याला आज मर्यादा नाही. तिच्यात कुवत आहे आणि गेल्या वर्षी काहीतरी थोडं कमी पडलं, असं मानून तुम्ही तिला क्लास लावून दिला, आणि ते योग्यच केलंत. तिच्या भावाच्या बाबतीत कॉलेजनं मानलं तेही एवढंच. तिला हे पटायला वेळ लागेल. लागू दे. पण तिच्या बाबतीतही माझी तीच अट आहे: यंदाचं वर्ष मागच्यासारखंच गेलं तर निकालही मागच्यासारखाच येईल. मागच्या वेळी कुठल्या विषयात किती गेले, फिजिक्सनं खाल्लं की घाईनं, हे क्लासवाल्यांबरोबर बसून बघा. आणि किती वेळा बसायचं ते परीक्षेच्या आधी, डोकं शांत असताना, तिनं स्वतः ठरवावं. बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, पशुवैद्यक हे रस्तेही तिला आताच दाखवा. निकालाच्या दिवशी दाखवले तर ते हरल्याचं बक्षीस वाटतं.

तिच्या वाक्यात दुसरा भाग आहे, "जिनं टिकवलं असतं." ह्यावर मात्र तिला एक सांगा, हळूच. तिच्या भावालाही लागताना तसंच वाटलं होतं. पहिल्या वर्षात पाऊल टाकल्याशिवाय ते कुणालाच कळत नाही.

भावाकडं तुम्ही आधी जा. तुम्ही थोरले आहात म्हणूनच म्हणते. घरात सगळ्यांसमोर नको, रानात जा, बांधावर बसा. "पोरीचं चुकलं" असं म्हणायला जाऊ नका, ते त्यांनाही खोटं वाटेल. जागेचा हिशोब जसा वर दिलाय तसा दोघांनी मिळून एकदा मांडा, कारण माझी खात्री आहे की भाऊही मनात कुठंतरी असंच धरून बसलेत, की आपल्या पोरानं पुतणीची जागा खाल्ली. त्या ओझ्यानंच माणूस ताटावरून उठतो.

आणि पुतण्या सुट्टीला घरी आला की त्याला कोल्हापूरला माझ्याकडं पाठवा, सदराच्या पत्त्यावर आधी कळवा म्हणजे झालं. हाडांचा माझा जुना सेट अजून घरात आहे. रविवारी सकाळी मी मोकळी असते. ह्युमरसपासून सुरू करू, आधी मराठीत. लेकीलाही बरोबर येऊ दे, तिलाही ते हाड हातात घेऊन बघता येईल.